मत आणि त्याचा आधार

चित्रपटगृहातून बाहेर पडता पडता दिलेला निवाडा, बातमी वाचताच एखाद्या मंत्र्याविषयी उमटलेला शेरा, शेजारच्या मुलीने कोणाशी लग्न करावे याविषयी घरोघरी चालणारी चर्चा, ही विधाने तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येतात असे सहसा कोणी मानत नाही. व्यवहारात त्यांना मत म्हटले जाते आणि वाद वाढू लागला की 'ज्याचे त्याचे मत' असे म्हणून विषय मिटवला जातो. या मिटवण्यात सौजन्य आहे, हे खरे. परंतु त्यात एक तात्त्विक सिद्धान्तही गृहीत धरलेला असतो. मत हे आवडीनिवडीसारखे असते, ते धरणाऱ्याच्या मालकीचे असते आणि म्हणून त्याला 'कशावरून?' असे विचारणे अप्रस्तुत ठरते, असा तो सिद्धान्त होय. न्याय, जैन आणि बौद्ध या तीन परंपरांनी शतकानुशतके एकमेकींचे खंडन केले असले, तरी हा सिद्धान्त त्यांपैकी एकीनेही मान्य केलेला नाही. मत धरणे ही एक कृती आहे आणि इतर कृतींप्रमाणे तिचीही जबाबदारी कर्त्यावर येते, असे तिघींच्याही विवेचनातून निष्पन्न होते. ही जबाबदारी आत्मा, मोक्ष, जगत्कारण अशा थोर विषयांपुरतीच आहे की चित्रपट, राजकारण आणि बातम्या यांवरील रोजच्या बोलण्यालाही ती लागू होते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

'ज्याचे त्याचे मत' या भूमिकेच्या समर्थनासाठी अनेकदा जैनांचा अनेकान्तवाद पुढे केला जातो. वस्तू अनंत धर्मांनी युक्त असते आणि म्हणून तिच्याविषयीचे कोणतेही एकच विधान संपूर्ण असू शकत नाही, असे हा वाद सांगतो; त्यावरून सर्व मते सारखीच खरी, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. जैन आचार्यांनी मात्र या ठिकाणी फार काटेकोर भेद केलेला आहे. वस्तूच्या एका अंगाकडे एका विशिष्ट अपेक्षेने पाहणाऱ्या ज्ञानाला ते नय म्हणतात, आणि तेच ज्ञान जेव्हा इतर अंगे नाकारू लागते तेव्हा त्याला दुर्नय म्हणतात. बाराव्या शतकात हेमचंद्राने दुर्नय, नय आणि प्रमाण अशा तीन पायऱ्या सांगितल्या: 'आहेच' असे म्हणणारा पहिल्या पायरीवर असतो, 'आहे' असे म्हणणारा दुसऱ्या, आणि कोणत्या अपेक्षेने आहे हे उच्चारून सांगणारा तिसऱ्या. याचा अर्थ असा की अनेकान्तवाद मत धरणाऱ्याला मोकळा सोडत नाही, तर उलट तू कोठे उभा राहून हे बोलतो आहेस ते आधी सांग, अशी मागणी त्याच्याकडे करतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटावर हा भेद लावून पाहता येतो. आपल्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपावरून नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. कॅमेरा बहुतेक वेळ दूर, स्थिर राहतो आणि प्रसंग संपल्यावरही लगेच हलत नाही. 'चित्रपट संथ आहे' असे म्हणणारा प्रेक्षक करमणुकीच्या अपेक्षेने बोलत असतो आणि त्या अपेक्षेपुरते त्याचे म्हणणे चुकीचे नसते. 'हा चित्रपटच नव्हे' असे तो म्हणू लागला की नयाचा दुर्नय होतो. त्या संथपणाची प्रशंसा करणारा आणि तो न आवडलेल्याला अरसिक ठरवणारा समीक्षकही त्याच दोषास पात्र आहे.

या चित्रपटाचा विषयही अखेर मतांचाच आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. कलमे वाचून दाखवणारी सरकारी वकील संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. तेथे मराठी मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या परप्रांतीय तरुणाची खिल्ली उडवली जाते आणि प्रेक्षागृह हसत राहते. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातलेल्या स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकण्यासच नकार देतात. यांतील एकही माणूस दुष्ट नाही. प्रत्येकाजवळ घरात, नाटकात, गप्पांत जमलेली काही मते आहेत, त्यांच्याविषयी त्यांना कोणी कधी जाब विचारलेला नाही, आणि ती मते न्यायालयाच्या दारात काढून ठेवता येत नाहीत. दैनंदिन मते निरुपद्रवी असतात, या समजुतीचे यापेक्षा समर्थ खंडन मराठी चित्रपटात क्वचितच सापडेल.

न्यायदर्शनाची मागणी जैनांपेक्षा अधिक कठोर आहे. गौतमाने मोजलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशयाला स्थान दिलेले आहे आणि निर्णय बराच पुढे, नवव्या क्रमांकावर येतो. पक्ष आणि प्रतिपक्ष या दोहोंचा विचार करून झालेले अर्थाचे निश्चितीकरण म्हणजे निर्णय. म्हणजे ज्याने प्रतिपक्ष ऐकलाच नाही त्याच्याजवळ, वादाच्या क्षेत्रात, निर्णय नसतो, केवळ समजूत असते. बातम्यांवर आधारलेल्या मतांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण तेथे मत धरणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नसते. त्याचे सारे ज्ञान न्यायशास्त्राच्या परिभाषेत शब्दप्रमाणावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून असते, आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तरच. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त.

महाराष्ट्राच्या वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभीच्या काळातच या कसोटीचा प्रसंग उभा राहिला होता. केसरी आणि मराठा ही पत्रे १८८१ साली सुरू झाली आणि लवकरच त्यांनी कोल्हापूरच्या प्रकरणात हात घातला. तेथील तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून वाईट रीतीने वागवले जात आहे, आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी भावना लोकांत पसरली होती. बर्वे यांची म्हणून सांगितली जाणारी काही पत्रे या भावनेला पुरावा म्हणून मिळाली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी कडक लिखाण केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, आणि केसरी-मराठाचे संपादक आगरकर व टिळक यांनी माफी मागूनही १८८२ साली त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, जिच्यापैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले.

येथवरची हकिकत सुपरिचित आहे आणि ती बहुधा दोघांच्या देशभक्तीचा पहिला अध्याय म्हणून सांगितली जाते. तिचा ज्ञानशास्त्रीय भाग मात्र दुर्लक्षित राहिला आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगर येथे बंदोबस्तात ठेवलेल्या महाराजांचा त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे महाराजांच्या जिवाविषयी वाटणारी काळजी निराधार नव्हती. निराधार होता तो पुरावा. मत बरेचसे खरे आणि आधार संपूर्ण खोटा, अशी ही विलक्षण स्थिती आहे. संस्कृत तार्किकांनी ती ओळखली होती: दूरच्या डोंगरावर दिसणाऱ्या धुक्याला धूर समजून कोणी तेथे अग्नी आहे असे अनुमान केले आणि योगायोगाने तेथे खरोखरच अग्नी निघाला, तर त्याला ज्ञान म्हणावे काय, याची चर्चा श्रीहर्ष आणि गंगेश यांनी केलेली आहे. निष्कर्ष बरोबर निघाल्याने हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, शुद्ध होत नाही. आपल्या पक्षाला अनुकूल अशी बातमी पडताळणी न करता खरी मानणारा आणि ती खोटी निघाल्यावर 'तपशील चुकला असेल, मुद्दा खराच आहे' असे म्हणणारा आजचा सुशिक्षित वाचक नेमक्या याच ठिकाणी घसरतो. आगरकर आणि टिळक यांनी तसे म्हटले नाही. पत्रे खोटी ठरताच त्यांनी ज्याच्यावर आरोप केला होता त्याची माफी मागितली. महाराजांविषयीची कळकळ सोडण्याचे त्यांना कारण नव्हते, पण बर्वे यांच्यावर केलेल्या आरोपाचे उत्तरदायित्व त्या कळकळीच्या आड लपवता येत नाही, हे त्यांच्या वागण्यातून दिसले. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढले, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर दोघे उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले. त्या वादात कडवटपणा पुष्कळ होता; परंतु दुसऱ्या बाजूला उत्तर दिले पाहिजे, ही जाणीव त्या पिढीत सुटली नव्हती.

बौद्ध परंपरेचे लक्ष मताच्या आधारापेक्षा मताला धरून ठेवणाऱ्या मुठीकडे अधिक आहे. चार उपादानांत, म्हणजे चित्त ज्यांना घट्ट पकडून दुःख ओढवून घेते अशा चार गोष्टींत, कामोपादानाच्या जोडीला दृष्टी-उपादान, म्हणजे मतांची आसक्ती, मोजली आहे. मज्झिमनिकायातील दीघनख नावाचा परिव्राजक बुद्धाला सांगतो की त्याला कोणतेच मत पटत नाही. त्यावर बुद्ध त्याला विचारतो की मग 'कोणतेच मत पटत नाही' हे मत तरी पटते काय. 'सगळे राजकारणी सारखेच' हे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले वाक्य दीघनखाच्या वाक्याचेच भावंड आहे. ते उच्चारणाऱ्याला वाटते की आपण सर्व पक्षांच्या वर उठलो. वास्तविक त्याने एक मत इतके घट्ट धरलेले असते की त्याच्याविरुद्धचा कोणताही पुरावा, एखाद्या प्रामाणिक आमदाराचे किंवा सरपंचाचे सबंध आयुष्यसुद्धा, त्याला दिसेनासे होते.

कलाकृतीविषयीच्या मताचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे अनुभव घेणाऱ्याचे मन हेच एका अर्थी प्रमाण असते. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे, हे एक आहे. स्वतःच्या घरची चिंता घेऊन नाटकाला बसलेल्याला नाटक दिसत नाही, हे खरेच आहे. परंतु या नियमाचा विस्तार करून कोणी असे म्हणेल की ज्याच्या आयुष्याविषयी चित्रपट आहे त्याचे मत भावनेच्या भरातील आणि म्हणून दुय्यम असते, तर तो विस्तार स्वीकारणे अवघड आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये गावाच्या हुकमावरून डुकराच्या मागे धावणारे कैकाडी कुटुंब, शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभे राहते आणि तेवढ्यात डुक्कर निसटून जाते. तो प्रसंग पाहून कोणी हसतो, कोणाला दिग्दर्शकाचे कौशल्य दिसते, आणि कोणाला तेथे उभ्या असलेल्या बापाच्या जागी आपला बाप दिसतो. या तिसऱ्या प्रेक्षकाच्या दुःखाला विघ्न म्हणणे म्हणजे त्या प्रसंगाचा सर्वांत जवळचा जाणकार बाहेर काढणे होय. अभिनवगुप्ताच्या आधी होऊन गेलेल्या भरताचे धोरण या बाबतीत अधिक व्यापक दिसते. नाट्यप्रयोगाची परीक्षा करणारे प्राश्निक, म्हणजे परीक्षक, सांगताना नाट्यशास्त्राने यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा यांच्याबरोबर धनुर्धर आणि वेश्या यांनाही स्थान दिले आहे: ज्या विषयाचे दर्शन रंगमंचावर घडते आहे, तो विषय जगणारा माणूस तेथे परीक्षक ठरतो.

यावर असा आक्षेप येऊ शकतो, आणि तो गंभीर आहे, की मताला आधार मागण्याची ही सारी भाषा शिकलेल्यांची आहे. हेतू, प्रमाण, प्रतिपक्ष हे शब्द ज्याच्याजवळ नाहीत त्याला गप्प करण्यासाठीच ती वापरली जाईल. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने बरीच साक्ष देतो. परंतु खुद्द शास्त्रात पाहिले तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताचे लक्षण सांगून झाल्यावर ते लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. जाणणे आणि जाणल्याप्रमाणे सांगण्याची इच्छा असणे एवढ्याच त्या अटी आहेत. कुळाची, विद्येची किंवा भाषेच्या शुद्धतेची अट त्यांत नाही. एवढी उदार व्याख्या ज्या परंपरेने केली, तिच्याच समाजाने ती गावकुसाबाहेरच्या माणसाला लावली नाही, हा दोष व्याख्येचा नसून ऐकणाऱ्यांचा आहे, आणि तो लहान दोष नाही. मुंबई इलाख्यातील पत्रे विशिष्ट जातींच्याच हिताची चर्चा करतात आणि बहिष्कृतांना आपले म्हणणे मांडायला जागा नाही, हे कारण देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केले. बनावट पत्रांवर विश्वास ठेवण्याची किंमत ज्याने एकदा मोजली होती, त्या केसरीत मूकनायकाची जाहिरात पैसे देऊनही छापली गेली नाही. पहिल्या प्रसंगी जो आप्त नव्हता त्याचा शब्द प्रमाण मानला गेला, दुसऱ्या प्रसंगी जो आप्त होता त्याचा शब्द कानांवरच येऊ दिला नाही. न्यायशास्त्राने पहिल्या चुकीची चिकित्सा पानोपानी केलेली आहे. दुसरीची चिकित्सा करण्याची साधने वात्स्यायनाच्या त्या एका वाक्यात असूनही ती करण्याचे काम पुढच्या टीकाकारांनी हाती घेतले नाही, आणि चित्रपटावरील, निवडणुकीवरील किंवा एखाद्या अत्याचाराच्या बातमीवरील चर्चेत कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, हे पाहिले तर ते काम आजही व्हायचे आहे.