रहावयास योग्य नगर कोणतें?

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण पोटासाठीं शहरांत जातात. मजुरी किती, दिवे कसे, दवाखाना जवळ आहे कीं नाहीं, असें ते विचारतात. हे प्रश्न वाजवी आहेत. परंतु एवढ्यानें नगर रहावयास योग्य ठरतें काय, याचा आपण विचार करूं.

जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथांतील आठव्या अध्यायांत पुनः वसलेल्या यरुशलेमेचें चित्र आहे. त्यांत वाडे किंवा बाजार यांची थोरवी गाइली नाहीं. म्हातारीं माणसें काठी घेऊन चौकांत बसलीं आहेत व मुलेंमुली रस्त्यांत खेळत आहेत, असें तो दाखवितो. ज्यांच्या अंगीं कमाईचें बळ नाहीं, तीं जेथें निर्भय असतात, तें नगर चांगलें.

या मापानें जुनी मुंबई मोजून पाहूं. इ. स. १८६० सालीं विहार तलावाचें व १८९२ सालीं तानसा तलावाचें पाणी नळांनीं शहरांत आलें. ही मोठी सोय झाली. १८९६ सालीं प्लेग आला, म्हणून १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, परंतु ज्या गरिबांचीं घरें पाडलीं, त्या सर्वांस नवीं मिळालीं नाहींत. गिरण्यांत मजुरी होती. तथापि विणकामाच्या खात्यांत अस्पृश्य मानिलेल्या बंधूंस घेत नसत, कारण धोट्यांतील सूत ओढण्यास तोंड लावावें लागे. १९२८ सालच्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा अन्याय पुढें मांडिला. गांवच्या पाणवठ्यावरचा विटाळ आगगाडींत बसून शहरांत आला होता!

तर मग शहरांत जाऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. विटाळ गांवांतूनच आला, तेव्हां गांवीं राहून तो सुटत नाहीं. यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलांतील बंदिवानांस पत्र लिहून सांगितलें कीं, तेथें घरें बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा. बाबेल तर शत्रूचें नगर होतें! यावरून आम्हांस असें दिसतें कीं, चांगलें नगर आयतें मिळत नाहीं. तेथें रहाणारांनीं तें तसें करावयाचें असतें. नळ सरकार घालील, परंतु त्या नळावर दुबळ्यास आधीं घागर भरूं देणें हें शेजाऱ्याच्या हातीं आहे.

म्हणून जो शहरांत जाईल, त्यानें शेजारच्या खोलींत आजारी कोण आहे हें विचारावें. आणि जो गांवीं राहील, त्यानें आपल्या मंडळींत म्हाताऱ्यास व पोरक्या लेंकरास बसावयास कोठें जागा मिळते, हें येत्या रविवारीं पाहावें.