पारंपरिक

अमळनेरला २०२४ साली ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि आसपासच्या गावांनाही हुरूप आला. बोरीकाठच्या एका गावातल्या वाचनालयानं पुढच्याच वर्षी कविसंमेलन ठरवलं. अध्यक्ष होते निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सरळ, कवितेवर जीव. पण शिस्त कडक. कविता टाइप केलेली हवी, तीन प्रती हव्यात, सोबत कवीचा परिचय आणि प्रकाशित पुस्तकांची यादी.

वाचनालयात काम करणाऱ्या मुलीनं गल्लीतल्या एका मावशीचं नाव सुचवलं. मावशी रोजानं कापूस वेचायला जायची आणि वेचता वेचता ओव्या जुळवायची. कापसाच्या पडलेल्या भावावर, दिरानं कर्ज काढून आणलेल्या ट्रॅक्टरवर, अवकाळीनं काळ्या पडलेल्या बोंडांवर. तिला लिहिता येत नव्हतं.

सरांनी नकार दिला नाही. संमेलन सर्वसमावेशक आहे असं त्यांनीच पत्रिकेवर छापायला सांगितलं होतं. मावशीला दुपारची वेळ मिळाली, भरीत-पुरीची पंगत बसेल तेव्हाची. पत्रिकेत ओळ आली : ‘लोकगीते (पारंपरिक) – गावातील महिला’. निमंत्रित कवींना मानधन, शाल, श्रीफळ. महिलांना साडी. या साड्या नेमक्या कोण निवडतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मुलीनं पत्रिका वाचून दाखवली तशी मावशी उठून वाचनालयात आली. पायरीवर चपला काढल्या आणि विचारलं, “सर, हाऊ पारंपरिक कोन शे? गानं ते मन्हं शे.”

सर हसले. म्हणाले, “मावशी, ओव्या सगळ्याच बायका म्हणतात. अमकी ओवी अमकीची, हे सांगणार कसं?”

“मला विचारून,” मावशी म्हणाली. हे मात्र तिनं शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं, सरांना नीट समजावं म्हणून.

भिंतीवर बहिणाबाई चौधरींची तसबीर होती. संमेलनात तिलाच हार घालायचा होता. बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं गाणी उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी पाठपुरावा केला, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. हे सर दरवर्षी भाषणात सांगत. मुलीनं तसबिरीकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाली, “सर, कोणी लिहून घेतलं नसतं, तर आपण यांनाही जेवणाच्या वेळेतच बसवलं असतं.”

सर रागावले. दोन दिवस वाचनालयात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन मावशीच्या ओट्यावर जाऊन बसले. मावशी सांगे, सर लिहीत. दोनदा त्यांनी तिचा शब्द ‘शुद्ध’ केला. दोन्हीदा तिनं परत वाचायला लावून खोडायला लावला. पत्रिका नव्यानं छापली. खर्च सरांनीच सोसला. मावशीचं पूर्ण नाव, सकाळचं सत्र, सगळ्यांइतकंच मानधन. साडी तिनं परत केली.

टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या. पण टाळ्या काय, कोणालाही पडतात. पुढच्या वर्षी नियमांच्या कागदावर एक ओळ वाढली : कविता तोंडी सांगितली तरी चालेल, वाचनालय लिहून घेईल. निवड समितीत मावशी आली. सरांनी तिला आपली नवी कविता वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली आणि शेवटच्या दोन ओळी काढायला सांगितल्या.

सरांनी एक काढली. दुसरीवरून दोघांचं अजून वाजतं आहे.