द्वैतवनातली हरणं आणि आमचे दहा गुंठे



आजचं वाचन वनपर्वातलं आहे, मृगस्वप्नोद्भव पर्व. नाव भारदस्त, मजकूर इवलासा. कळव्याला गाडीत शिरलात तर मुलुंड यायच्या आत वाचून होईल, अर्थात फोन धरायला हात मोकळा राहिला तर.

घोषयात्रेचा प्रसंग होऊन गेलाय. दुर्योधन गंधर्वांच्या तावडीत सापडला होता, पांडवांनीच त्याला सोडवलं. आता पांडव द्वैतवनात राहतायत. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात. थरथरतायत, गळा भरून आलाय, हात जोडलेत. युधिष्ठिर विचारतो, तुम्ही कोण, काय हवंय? हरणं म्हणतात, या वनात मारून उरलेली आम्ही. तुझ्या भावांनी आमचे कळपच्या कळप संपवले. आता बियाण्यापुरती राहिलोय. तू मुक्काम हलवलास तर आमचा वंश पुन्हा वाढेल.

सकाळी उठून युधिष्ठिर भावांना सांगतो, ही हरणं खरं बोलतायत. आणि सगळे सामान आवरून काम्यकवनाकडे निघतात.

एवढंच. पण गेले दहा दिवस हे पर्व माझ्या मागे लागलंय, कारण आमच्या घरात सध्या एकच विषय चाललाय: मुरबाडची जागा.

बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. पस्तीस वर्षं आम्ही कळव्यात. आधी पारसिकच्या डोंगराच्या उतारावर, मग स्टेशनजवळ वन आरके. उतारावरचे दिवस आई विसरलेली नाही. जोराचा पाऊस लागला की ती रात्रभर बसून असायची. २०२१ च्या जुलैमध्ये घोलाईनगरला घरावर दरड कोसळून माणसं गेली, त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. त्यामुळे ‘सपाट जमिनीवर, झाडांत, आपलं घर’ हे तिच्यासाठी फार्महाऊसचं फॅड नाहीये, हे आधी सांगून ठेवते. इन्स्टावरच्या वीकेंड होमच्या रील्सशी त्याचा काही संबंध नाही.

मार्चच्या शेवटी आम्ही जागा बघायला गेलो. कल्याणहून एसटी, पुढे रिक्षा. दहा गुंठे, म्हणजे दहा हजार आठशे नव्वद चौरस फूट. आमच्या घराच्या चाळीसपट तरी असेल! साग, ऐन, पळस, करवंदाच्या जाळ्या, आणि बरोबर मधोमध एक मोठा मोह. मोहाखालची जमीन कुणीतरी लख्ख झाडून ठेवली होती. मला वाटलं जागेच्या माणसाने आमच्यासाठी झाडली. तर पलीकडच्या वाडीतल्या दोन बायका टोपल्या घेऊन तिथेच होत्या. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती मातीत मिसळू नयेत म्हणून खालची जागा साफ ठेवतात. फुलं वाळवून ठेवायची, पुढे बियांचं तेल काढायचं. आईने विचारलं, किती वर्षं वेचता? त्यातली म्हातारी म्हणाली, “सासूबरोबर यायची मी.”

एजंट म्हणाला, “झाडांचं टेन्शन घेऊ नका काका. खरेदीखत व्हायच्या आधी सगळं साफ करून देतो. हा मोह पण. घर मधोमधच येणार ना तुमचं?”

बाबा म्हणाले, “हो.”

टोकन शनिवारपर्यंत मागितलं होतं.

आता थोडं कोरडं, पण वाचा, कारण तुमच्यातले बरेच जण अशा जागा बघत असणार. झाडीची जमीन स्वस्त मिळत असेल तर पहिला प्रश्न असा: स्वस्त का? ओळखीच्या वकील काकूंनी बाबांना बसवून समजावलं. सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव बघून थांबायचं नाही, ‘इतर हक्क’ बघायचे, जुने फेरफार काढायचे. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने कितीतरी जमिनी सरकारजमा झाल्या, तशी नोंद आहे का? आपल्या शेजारी मुलुंडमध्ये आणि ठाण्यात काय झालं ते आठवा. लोकांनी रीतसर फ्लॅट घेतले, वर्षानुवर्षं राहिले, आणि नंतर कळलं की जमीन कागदावर खाजगी वन आहे. २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून ‘एनए करून देतो’ या शब्दावर पैसे द्यायचे नाहीत, आदेश हातात हवा. मूळ खातेदार आदिवासी असेल तर मंजुरीवाचून व्यवहारच नाही. आणि मोह, साग, आंबा, खैर ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ पासून तसा कायदा आहे. एजंटचं ‘साफ करून देतो’ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

बाबा म्हणाले, “मग रीतसर परवानगी काढू.”

इथे मी अडकले. कारण परवानगी मिळूही शकेल. सगळे कागद चोख निघतील, मोह रीतसर तोडला जाईल, आणि आमच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

युधिष्ठिराकडेही असे चोख कागद होते हो. क्षत्रियाला मृगया वर्ज्य नाही. वनवास त्याने हौसेने घेतला नव्हता, राज्य गेलं म्हणून तो रानात आला होता. सोबत केवढा परिवार. स्वप्नातल्या हरणांना तो यातलं काहीही ऐकवू शकला असता. त्याने एकही सबब सांगितली नाही. मला तर त्याच्या सगळ्या मोठ्या संवादांपेक्षा ही गप्प बसण्याची जागा जास्त आवडते.

याच्या उलट आदिपर्वातलं खांडववन आठवा. तिथे अग्नी भूक घेऊन आला, कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहिले आणि अख्खं रान जळलं. वाचले फक्त सहा: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. त्याच मयाने मग पांडवांना ती प्रसिद्ध सभा बांधून दिली. तिथे दुर्योधन पाण्यात पडला, आणि पुढचं द्यूत, वनवास तुम्हाला माहितीच आहे. सभा जळीतामुळे शापित होती असं व्यास कुठे म्हणत नाहीत, मीही ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण खांडव जळताना कुणाच्या स्वप्नात हरणं आली नाहीत, आणि द्वैतवनात आली, हे मला एकामागे एक वाचताना लागलं. मधल्या काळात युधिष्ठिराचं स्वतःचं घर गेलेलं होतं.

गुरुवारी रात्री मी हे पर्व बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ठीक आहे. पण मग काम्यकवनातल्या हरणांचं काय?”

मला उत्तर आलं नाही. खरंच, काय? पांडव तिथे जाऊन उपाशी थोडेच राहिले असतील? रात्री बराच वेळ विचार केला. हरणं ‘आम्हाला खाऊ नका’ म्हणत नाहीत, हे मात्र परत वाचताना दिसलं. बियाणं उरू दे, एवढंच मागतात. वाडीतल्या त्या आजीही मोहाचं घेतातच की. सासूच्या वेळेपासून घेतायत, आणि झाड उभं आहे.

शुक्रवारी सकाळी बघते तर बाबा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी घेऊन बसलेले. घर रस्त्याच्या कडेला सरकवलं होतं, जिथे करवंदाशिवाय काही नाही. दोन खोल्या आणि ओटी, साडेचारशे फूट. “तिघांना किती लागतं?” म्हणाले. मधोमध एक गोल काढून आत ‘मोह’ लिहिलं होतं.

एजंटला त्यांनीच फोन केला. फेरफार आणि एनएचा आदेश बघितल्याशिवाय टोकन नाही, आणि एकाही झाडाला हात लावायचा नाही. तो म्हणाला, दुसरी पार्टी तयार आहे, तुमच्यासाठी थांबणार नाही. बाबांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, ते खोटं सांगणार नाही. जागा हातची जाईल. गेली तर दुसरी पार्टी मोह ठेवेल का, हाही विचार येतो, आणि त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

अजून एक वाद मिटलेला नाही. बाबांना पक्कं कंपाउंड हवंय, सापा-चोरांची भीती. आई काल भाजी निवडता निवडता म्हणाली, “कंपाउंड घाला, पण मागच्या अंगाला फाटक ठेवा. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला कुलूप नको.” बाबांनी चष्मा लावून कॅलेंडर पुन्हा पुढे ओढलंय.

उद्या पुढचा भाग वाचू, व्रीहिद्रौणिक पर्व, मुद्गल ऋषींची गोष्ट. राम कृष्ण हरी.