शुद्ध, अशुद्ध आणि शिस्त

कोणत्याही व्यवसायाची नीती पारखावयाची असेल तर त्याचे उपदेश ऐकण्यापेक्षा त्याचे रोजचे शब्द तपासावेत. भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाचे असे चार शब्द आहेत : शुद्ध, अशुद्ध, शिस्त आणि शांतता. ते इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांच्यामुळे मुलाचे काही बिघडत असेल अशी शंकाही कोणास येत नाही. आम्हास ती येते. आणि तिचे कारण सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे.

गणिताचे उत्तर चुकले तर शिक्षक 'चूक' म्हणतो. 'अशुद्ध' म्हणत नाही. भूगोलाच्या तासास एखाद्याने कृष्णा पश्चिमेस वाहविली, तरी तीही नुसती चूकच. 'पानी' म्हणणारे मूल तेवढे अशुद्ध बोलते! जो शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारात चालतो, तोच येथे मुलाच्या जिभेस लावला जातो. चूक पाटीवर असते, ती पुसता येते. अशुद्धपणा माणसास चिकटतो आणि त्याच्या आईबापांपर्यंत पोहोचतो. कारण ती भाषा त्याने घरूनच आणलेली असते.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. इतर मुले वर्गातील आपापल्या क्रमांकाप्रमाणे बसत. यास ती मुभा नव्हती. कोपऱ्यात एकटे बसावयाचे, तेही स्वतःच्या वेगळ्या गोणपाटावर, आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी प्यावयाचे नाही, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या वर्गात शिस्त नव्हती असे कोण म्हणेल? प्रत्येक जण नेमून दिलेल्या जागीच बसला होता! १९२० साली याच विद्यार्थ्याने पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. शांतता नेहमी सर्वांची सारखी नसते. काहींची ती राखलेली असते, काहींवर ती लादलेली असते.

त्याच १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. अण्णा भाऊंचा शाळेशी संबंध अवघा दीड दिवसाचा, असे सांगतात. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. वारणाकाठच्या माणसांची ही कथा आज विद्यार्थी अभ्यासतात. ज्यास वर्गात टिकता आले नाही त्याचे पुस्तक वर्गात टिकले, ही गोष्ट साहित्यास भूषणावह असली तरी वर्गास खचित नाही.

यावर कोणी विचारील, "मग काय प्रमाण भाषा शिकवूच नये?" हा आक्षेप पोकळ नाही. अर्ज, निवाडा, वर्तमानपत्र, परीक्षा हे सर्व त्या भाषेत चालते. ममतेच्या नावाखाली मुलास तिच्यापासून दूर ठेवणे ही दुसऱ्या प्रकारची हकालपट्टीच होय. प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे, आणि कसून शिकविली पाहिजे. वाद आहे तो तिच्या अधिकाराचा. तो अधिकार पावित्र्याचा नसून संकेताचा आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नवे नियम मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळून पडले. त्याआधी ते गाळल्याबद्दल ज्या मुलांनी छड्या खाल्ल्या असतील, ती काय १९६२ नंतर एकाएकी पवित्र झाली? 'म्यां' हा शब्द संतवाणीत आला की आपण हात जोडतो. कुणब्याच्या पोराच्या तोंडी 'म्या' आला की हसतो.

हसण्याची गोष्ट निघालीच म्हणून एक कबुली देतो. कृष्णाकाठच्या एका शाळेत आम्ही शिकवीत असता एक मुलगा उत्साहाने उभा राहिला आणि 'पानी' म्हणाला. वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, परंतु वर्गास थांबविलेही नाही; उच्चार तेवढा सुधारून पुढे गेलो. त्याचे उत्तर बरोबर होते. वर्षअखेरपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही. वर्ग मात्र फार शांत असे!

उपाय फार मोठा नाही. मुलाचे वाक्य पुरते होऊ द्यावे, त्यातील अर्थास आधी उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरातच त्याचा शब्द प्रमाण रूपात सहज परत द्यावा. लिहिण्याची वेळ आली की विचारावे, "घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात कसे लिहितात?" येणेप्रमाणे मूल दुसरी भाषा मिळविते आणि पहिली गमावीत नाही. याने वर्गात थोडा गलबला होईल, पाठ मागे पडेल, तपासनीस नाराज होईल. होवो. ज्यास बोलावयास शिकवावयाचे, त्यास आधी गप्प करणारी शिस्त कितीही देखणी असली तरी ती शिक्षण नव्हे.