पाण्यात उतरलेला दगड

महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा मुळात सह्याद्रीचा काळा कातळच. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. जे गेले ते नदीतून गेले. म्हणून जमिनीखाली दगडाचे आज काय होते आहे, हे विचारायचे तर नदीलाच विचारावे लागते. बोअर मारून एका जागेचा थर कळतो. कृष्णेच्या लिटरभर पाण्यात वरच्या सगळ्या खोऱ्याची बेरीज असते.

मातीत मुरणारे पाणी तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते आणि या काळ्या कातळातली, म्हणजे बेसाल्टमधली, खनिजे हळूहळू फोडते. वायूचे बायकार्बोनेट होऊन ते समुद्राला मिळते. तिथे शिंपल्या-प्रवाळांचा चुना बनताना निम्मा वायू हवेत परततो, निम्मा दगडात अडकतो. सिलिकेट खडकांच्या झिजेतून जगभर जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यात बेसाल्टचा वाटा सुमारे 30 टक्के मानतात. जमिनीवर मात्र हा खडक अगदी थोडा. संशोधक सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दख्खनच्या नद्यांच्या पाण्यावरूनच मांडले, की ज्यातून हा बेसाल्ट बनला त्या 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने हवा तापवली आणि त्याच लाव्ह्याच्या झिजेने ती शेवटी आधीपेक्षा किंचित थंड केली. मला हा विचार विलक्षण वाटतो: आजचे पाणी मोजून इतक्या जुन्या हवामानाबद्दल बोलता येते!

अर्थात पाणी सरळ बोलत नाही. भीमेच्या पाण्यात क्षार जास्त, कोकणात उतरणाऱ्या नद्यांत कमी. म्हणून भीमेकाठचा दगड जास्त विरघळतो असे म्हणणे चूक. कमी पावसाच्या मुलखात बाष्पीभवनानेच क्षार दाटतात, शिवाय विरघळलेला बराचसा चुना कंकर होऊन मातीतच बसतो. क्षारांचे प्रमाण प्रवाहाने गुणल्याशिवाय दगड किती झिजला ते कळत नाही. सिलिका आणि इतर क्षार यांच्या गुणोत्तरावरून तर खाली काळी चिकणमाती तयार होते आहे की सगळे धुऊन जाऊन जांभा, याचाही अंदाज बांधता येतो.

या वाचनात एक पायरी फार नाजूक आहे. पावसाबरोबर समुद्राचे मीठही येते, ते वजा करावे लागते. बेसाल्टमध्ये क्लोराइड जवळजवळ नसते, म्हणून पाण्यातले क्लोराइड पावसाचे समजून त्याच्या प्रमाणात सोडियम वगळतात. पण आता क्लोराइड शहरांच्या सांडपाण्यातूनही येते, शेतात टाकलेल्या पोटॅशमधूनही. मग वजाबाकी चुकते आणि दगडाचा हिशेब बिघडतो. नदीच्या प्रदूषणाने मासे आणि माणसे तर भोगतातच. जमिनीखालचे वाचण्याचे साधनही आपण गमावतो, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

पाणी पिण्याजोगे आहे का, हे तपासायलाच हवे. पण त्यासाठी घेतलेला नमुना हाती आहेच, तर त्यात सिलिका आणि बायकार्बोनेटही मोजा, त्या दिवसाचा प्रवाह शेजारी लिहा, आणि उगमाजवळचे अजून स्वच्छ असलेले ओढे आधी गाठा.