आठवण आणि प्रार्थना



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत विश्वासूंच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. यंदा आमच्या घरची एक मेणबत्ती वाढली आहे. पावसाळ्यात आमची आजी वयाच्या ८७व्या वर्षी देवाघरी गेली.

घरातले वडीलधारे माणूस गेले की सांत्वनाला येणारे म्हणतात, "देवमाणूस होती, सरळ स्वर्गात गेली असेल." हे शब्द मायेचे असतात. पण तेच खरे मानून आपण थांबलो, तर तिच्यासाठी प्रार्थना कोण करणार?

आजीचे आयुष्य कष्टात गेले. पहाटे उठून वाडीतली भाजी आणि फुले टोपलीत भरायची, डोक्यावर ओझे घेऊन स्टेशन गाठायचे, गाडीने दादरला जाऊन विकायची आणि दुपारी परत येऊन पुन्हा वाडीत कामाला लागायचे. त्या टोपलीवर मुलांची शिक्षणे झाली. लॅटिन मिस्सेत ती लहानाची मोठी झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा "आता देव आपल्या घरात बोलायला लागला," असे ती म्हणे. संध्याकाळची रोझरी तिने कधी चुकवली नाही.

आणि तरीही तिच्या जिभेला धार होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकट्या जावेशी तिचे बिनसले, ते अनेक वर्षे. एकाच चर्चमध्ये दोघी दोन बाजूंना बसत. मनाने ती वाईट नव्हती, पण पहिला शब्द कोणी बोलायचा, एवढ्यावरच सारे अडले होते. शेवटच्या आजारात तिने जावेचे नाव दोनदा काढले, पण भेट व्हायची राहून गेली.

हे सांगून आम्ही तिची आठवण कमी करतो का? संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मकथनात आईची, संत मोनिकाची, आठवण लिहिली आहे. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिकाचे निधन झाले. आपले शरीर कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. अगस्तीन तिचे गुण भरभरून सांगतात, पण तरुणपणी तिला लागलेली दारूच्या घोटाची सवयही लपवत नाहीत, आणि तिच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून देवाला विनवतात. संत म्हणून आज आपण जिचा सण २७ ऑगस्टला पाळतो, तिच्यासाठीही तिच्या मुलाने प्रार्थना केली!

शुद्धीस्थानाची शिकवण आपल्याला घाबरवण्यासाठी नाही. आपल्या माणसासाठी अजूनही काही करता येते, हे सांगणारी ती शिकवण आहे. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात यहुदा मक्काबी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो. मृत्यूने नाते तुटत नाही, हाच त्यामागचा विश्वास.

म्हणून आजीच्या महिन्याच्या मिस्सेचे पहिले आमंत्रण आम्ही त्या जावेकडे, आमच्या धाकट्या आजीकडे, घेऊन गेलो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येईन. तिच्यासाठी मीही मिस्सा सांगणार होते." त्या दिवशी ती आमच्याच बाकावर बसली. आजीचे राहिलेले काम तिच्या मुलानातवंडांनी पुढे नेले, तीही एक प्रार्थनाच होती.

बंधुभगिनींनो, १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करण्यास ख्रिस्तसभा आपल्याला खास आवाहन करते. पापनिवेदन करू या, ख्रिस्तप्रसाद घेऊ या. संगमरवरी कबर बांधणे सर्वांना परवडेलच असे नाही, पण आईबापांचा अबोला वारसा म्हणून पुढे न नेणे प्रत्येकाला परवडते. आपल्या वाडवडिलांचे कोणाकडे जायचे राहून गेले असेल, तर या महिन्यात ते घर आपण गाठू या. प्रभू त्यांना आपल्या प्रकाशात विसावा देवो. आमेन.