कर्माची पाच कारणे आणि न सुटणारा बोल्ट

कर्म सिद्धीस जाते ते नेमके कोणामुळे, या प्रश्नाचे उत्तर भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात पाच कारणे सांगून दिलेले आहे: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे देह आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा अर्थ लावला, तर रामानुजाचार्यांनी दैव या पदाने अंतर्यामी परमात्मा घेतला. हा विचार देहापाशी न थांबवता हत्याराच्या कामाला लावून पाहिला, तर त्याचे मर्म अधिक उघड होते. आणि 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाईत असे काम घरोघरी आढळते.

मोटारीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचा, तर बहुतेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली गती फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याच्या, टोकावरील पुलीचा बोल्ट आधी काढावा लागतो. तो आवळताना लावलेल्या पिळाचा साधारण दहावा भागच पकड निर्माण करतो आणि उरलेला बोल्टच्या डोक्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्ची पडतो. त्यात गंज धरला, तर मूळ लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापत असल्यामुळे आटे आणखी घट्ट बसतात. दोनशे न्यूटन-मीटर पिळासाठी 30 सेंटिमीटरच्या पान्यावर जवळजवळ 70 किलोचा भार द्यावा लागतो. पान्याला पाइप लावून लांबी एक मीटर केली, की तेच काम सुमारे 20 किलोत होते.

येथे पाचही कारणे वेगवेगळी दाखवता येतात. क्रँकशाफ्ट फिरू नये म्हणून घातलेला अटकाव हे अधिष्ठान, कारण आधारच फिरत राहिला तर सारा जोर वाया जातो. पाना धरणारा हा कर्ता. सॉकेट, पाना, पाइप आणि आट्यांत झिरपणारे पातळ तेल ही करणे. थांबत थांबत वाढवलेला ताण ही चेष्टा. आणि आतल्या गंजाची व्याप्ती, पूर्वीच्या हाताने बोल्ट किती आवळला होता, धातूत कोठे सूक्ष्म तडा आहे, हे सारे अदृष्ट म्हणजे दैव. बोल्ट अखेर ज्या झटक्याने सुटतो त्या झटक्यालाच यशाचे श्रेय देणे म्हणजे आधीच्या तेलाला, ताणाला आणि प्रतीक्षेला विसरणे होय. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी असंस्कृत असते, हा गीतेचा निर्णय येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. कारण असा मनुष्य बोल्टचा विरोध स्वतःचा अपमान समजतो, रागाने जोर वाढवतो आणि बोल्टचे डोके तोडून बसतो.

दैव मानले की प्रयत्न ढिला पडतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु गीतेने दैवाला पाचवे स्थान दिले आहे, एकमेव स्थान दिलेले नाही. उलट, अदृष्ट आहे हे ज्याने मान्य केले तोच पाना पुन्हा लावण्यापूर्वी थांबतो, तेल मुरू देतो, अटकाव तपासतो आणि उष्णता द्यायची वेळ आलीच तर जवळच्या रबरी सीलची काळजी घेतो. म्हणजेच दैवाचा जेवढा अंश ज्ञानाच्या कक्षेत आणता येईल तेवढा तो आणतो.

भिलाईत 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी यंत्रांना व हत्यारांना फुले वाहिली जातात, आणि महाराष्ट्रात खंडेनवमीला तोच भाव शस्त्र-अवजारांच्या पूजेतून व्यक्त होतो. ही पूजा म्हणजे करणालाही कारणत्व आहे याची जाहीर कबुली आहे. ती मनापासून देणारा मनुष्य आपल्या वाट्याचे काम पूर्ण शक्तीने करतो, फळावर मात्र एकट्याचा हक्क सांगत नाही. कर्मयोगाचा अभ्यास अशा हातांच्या कामातूनच खऱ्या अर्थाने घडतो.